बायबलच्या कवितेत दोन बायका दिसल्या की वाचायचं कसं

वसईपासून अलिबाग-रेवदंड्यापर्यंत आपल्या किनाऱ्यावर मराठी बायबल वाचणारे खूप आहेत, ख्रिस्ती पण आणि बेने इस्रायल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू पण, आणि वाचनाच्या ग्रुपमधे कधी ना कधी हा प्रश्न निघतोच की बायबलमधल्या लोकांना एवढ्या बायका होत्या तर देवाला ते चालत होतं का. मग कोणीतरी कवितेतली एक ओळ काढतो आणि तिचा नियम करून टाकतो. माझं म्हणणं एवढंच की कवितेत चार बायका दिसल्या म्हणजे परवानगी मिळाली असं नाही, एकच दिसली म्हणजे बंदी झाली असंही नाही. आधी बघा कोण बोलतंय, कोणाला बोलतंय आणि कोणाला बोलूच दिलेलं नाही. जात्यावर सवतीची ओवी म्हणणारी बाई सवत आणा असं सांगत नसते ना, तसंच.

सुरुवात उत्पत्ती ४:२३-२४ (पुस्तक, अध्याय, वचनं) पासून करा. लामेख हा बायबलमधला दोन बायका केलेला पहिला माणूस, आणि त्याची कविता आहे कसली, तर मी माणूस मारला, भावाचा खून करणाऱ्या काइनाचा सूड सातपट तर माझा सत्त्याहत्तरपट अशी बढाई. आदा आणि सिल्ला फक्त ऐकतायत, त्यांच्या तोंडी एक शब्द नाही. इथे दोन बायका हा त्याच्या मिजाशीचाच भाग आहे असं मला वाटतं, संसाराचं कौतुक तर अजिबात नाही. शास्ते ५:३० मधे पण हेच बघायचं. लुटीत प्रत्येक पुरुषाला एक-दोन मुली मिळाल्या असतील असं म्हणणारी सीसराच्या घरातली बाई आहे, म्हणजे इस्राएलशी लढणाऱ्या शत्रू सेनापतीच्या घरातली, आणि तिकडे सीसरा आधीच याएल नावाच्या बाईच्या हातून मेलेला आहे. म्हणजे ती ओळ इस्राएलची पुढारी दबोरा हिच्या विजयाच्या गाण्यात आहे खरी पण दबोराचं मत नाही.

दुसरं म्हणजे कविता वाचताना कायदा आणि गोष्ट शेजारी उघडी ठेवा, कारण यशया ४:१ त्याशिवाय कळतच नाही. सात बायका एका पुरुषाला धरतात. नुसतं तेवढंच वाचलं तर वाटतं बघा, बहुपत्नीत्व. पण अध्यायांचे आकडे खूप नंतर, १३व्या शतकात पडले, ते विसरा आणि मागच्या ३:२५ पासून सलग वाचा, तिथे पुरुष लढाईत तलवारीने पडलेत, वेशी रडतायत. आता त्या बायका काय म्हणतात बघा, आमची भाकर आम्ही खाऊ, आमचे कपडे आम्ही घालू, फक्त तुझं नाव लावू दे. आणि निर्गम २१:१० काढा, दासी म्हणून आणलेल्या बायकोवर दुसरी केली तरी पहिलीचं अन्न, वस्त्र आणि बायको म्हणून असलेला हक्क कमी करायचा नाही असं तिथे आहे. म्हणजे दासीलाही जे कायद्याने मिळत होतं तेच या बायका आपणहून सोडतायत, कारण नवऱ्याच्या नावाशिवाय बाईला समाजात उभं राहायला जागा नव्हती. ही युद्धानंतरची विधवांची ओळ आहे. मला तर पूर्ण यशयात एवढी जड ओळ क्वचित सापडते, आणि तिचा वापर कोणी परवानगीसाठी करतं तेव्हा खरंच वाईट वाटतं.

आकडे मोजू नका. हन्ना १ शमुवेल २ मधे गाते की वांझेला सात झाली, पण त्याच अध्यायात पुढे तिची मुलं मोजा, शमुवेल धरून सहाच होतात. सात म्हणजे भरलेलं घर. मात्र ते गाणं वाचायच्या आधी पहिला अध्याय वाचाच, एलकानाच्या दोन बायका, पनिन्नाला मुलं आहेत, हन्नाला नाहीत, आणि पनिन्ना हन्नाला वर्षानुवर्षं टोचून रडवते, ती जेवतसुद्धा नाही. नवरा म्हणतो मी तुला दहा मुलांपेक्षा जास्त नाही का, आणि ती त्याला काही उत्तर देत नाही, बोलते ती देवाशी. सवतीच्या घरातून आलेलं गाणं आहे ते, म्हणून "जिला पुष्कळ मुलं ती सुकून गेली" ही ओळ एवढी धारदार लागते.

गीतरत्न या प्रेमकवितेत ६:८ ला साठ राण्या, ऐंशी उपपत्नी, कुमारी तर अगणित, आणि लगेच पुढे, पण माझी कबुतरी एकच. आकडे चढवत नेलेत ते त्या "एकच"साठी. १ राजे ११:३ मधे शलमोन राजाच्या सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी आहेत, तो जनानखाना ऐकणाऱ्याला माहीत आहे असं धरून शेवटी ८:११-१२ मधे हजाराचा द्राक्षमळा शलमोनाला लखलाभ, माझा मळा माझ्यापाशी असं येतं. पण यावरून एकपत्नीत्वाचा कायदा काढू नका, या दोघांचं लग्न झालंय का हेसुद्धा कविता नीट सांगत नाही. ज्यू लोक हे वल्हांडणाच्या (इजिप्तमधून सुटकेच्या) सणात वाचतात आणि देव-इस्राएलचं प्रेम म्हणून ऐकतात, चर्चने ख्रिस्त आणि मंडळी, म्हणजे त्याचे अनुयायी, यांचं प्रेम असं ऐकलं, दोन्ही वाचनं जुनी आहेत, त्यांना चूक म्हणायची गरज नाही, फक्त आधी साधा अर्थ लागू दे.

स्तोत्र ४५ राजाच्या लग्नाचं आहे, सामान्य घराचं नाही. राजकन्या, उजवीकडे ओफीरच्या सोन्यात राणी, आणि नवरीला सांगणं की बापाचं घर विसर. राजांनी पुष्कळ बायका करू नयेत हे अनुवाद १७:१७ मधे आहे, ते शेजारी उघडं ठेवून वाचा.

यहेज्केल २३ सगळ्यात शेवटी घ्या. तिथे देवाच्याच दोन बायका दाखवल्यात, त्याही सख्ख्या बहिणी, आणि बहिणीवर बहीण करायला लेवीय १८:१८ मधे मनाई आहे, म्हणजे ते रूपक आहे हे उघडच, त्या बहिणी म्हणजे शोमरोन आणि यरुशलेम ही शहरं. भाषा फार हिंसक आहे, ग्रुपमधे मोठ्याने वाचायच्या आधी तिथल्या बायकांना विचारून घ्या.