कमानीची त्रिज्या कुणी सांगत नाही

बडोद्यात सिव्हिलचा डिप्लोमा संपवून साइटवर येणाऱ्या मुलांना कमान म्हटली की आधी त्रिज्या हवी असते. ती कुणीच देत नाही. मालक गाळ्याची, म्हणजे कमानीखालच्या मोकळ्या जागेची, रुंदी सांगतो, आर्किटेक्ट बुडापासून (जिथून कमान वळायला लागते तिथून) मधली उंची ठरवतो, त्रिज्या आपण काढायची. गाळ्याच्या रुंदीच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागा आणि त्यात निम्मी उंची मिळवा. गाळा 1800 मिमी, उंची 300 मिमी असेल तर 1350 अधिक 150, म्हणजे 1500. हे सूत्र तोंडपाठ हवं, मोबाइल साइटवर धुळीत नेमका बंद पडतो.

त्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: ही मापं प्लास्टरच्या आधीची की नंतरची? नंतरची असतील आणि प्लास्टर 15 मिमी असेल, तर केंद्र तेच ठेवून विटांच्या कमानीची त्रिज्या 1515 धरा.

मग मिस्त्री विचारतो, "साहेब, दोरी क्यां बांधवानी?" म्हणजे कंस आखायची दोरी कुठे बांधायची? रास्त प्रश्न आहे. वरच्या उदाहरणात केंद्र कमानीच्या बुडाच्या रेषेखाली 1200 मिमीवर येतं, म्हणजे दाराच्या मोकळ्या गाळ्यात अधांतरी. उंची 150 केलीत तर त्रिज्या 2775 होते. बूड जमिनीपासून 2100 वर असेल, तर केंद्र फरशीच्याही अर्धा मीटर खाली जातं. तिथे खिळा कोण ठोकणार? म्हणून मी ड्रॉइंगवर त्रिज्येसोबत उभ्या उंचींचं कोष्टक देतो. पहिल्या उदाहरणासाठी मध्यावर 300, मध्यापासून 300 मिमी सरकल्यावर 270, 600 वर 175, टोकाला शून्य. सुतार प्लायवर एवढे बिंदू मारतो, पातळ पट्टी वाकवून फर्मा, म्हणजे कमानीचा साचा, कापतो. नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने पट्टी वाकवू देऊ नका. त्याच गाळ्या-उंचीचा पॅराबोला 600 वर 167 देतो, आणि हा आठ मिमीचा फरक रंग झाल्यावर दिसतो.

खरी गंमत विटांत आहे. आपल्या कमानीचा आतला कंस साधारण 1930 मिमी. 75 मिमी जाडीची वीट आणि जेमतेम 9 मिमी सांधा धरला तर 23 विटा बसतात. विषम संख्या, त्यामुळे बरोबर मध्यावर एक वीट येते. पण 230 मिमी खोलीची एकच रांग लावली तर बाहेरच्या बाजूला तेच सांधे 22 मिमीपर्यंत फाकतात, आणि एवढा मसाला आकसून तडा जातो. दोन उपाय: विटा पाचरीसारख्या घासून घ्या, किंवा 110 मिमीच्या दोन रांगा करा. दोन रांगांत आतल्या रांगेचा बाहेरचा सांधा 15 वर थांबतो. बाहेरच्या रांगेच्या विटा पुन्हा वेगळ्या मोजायच्या. घासकामाची मजुरी ऐकून बहुतेक मालक दुसरा उपाय निवडतात, मीही तोच सुचवतो.

टोकदार कमानीला सूत्र वेगळं: गाळ्याचा चौथा भाग, अधिक उंचीच्या वर्गाला गाळ्याने भागून आलेला आकडा. 1800 गाळा, 1200 उंची, तर 450 अधिक 800, म्हणजे 1250. केंद्रं दोन, दोन्ही बुडाच्या रेषेवर, मध्यापासून 350 मिमी अलीकडे-पलीकडे. प्रत्येक कंसाचं केंद्र समोरच्या बाजूला असतं, हे नवी मुलं हमखास विसरतात. सरावाला दूर जायला नको. बडोद्यातल्याच मांडवीच्या कमानी पाहा, किंवा आर्किटेक्ट मेंटने सुरू केलेला आणि आर्किटेक्ट चिझमने 1890 मध्ये पुरा केलेला लक्ष्मी विलास पॅलेस. तिथे उभं राहून कोणता कंस कुठल्या केंद्रातून निघाला असेल, ते वहीत काढून बघा.

जुनी कमान मोजताना मात्र सूत्रावर जाऊ नका. भिंती सरकलेल्या असतात, डावी-उजवी बाजू सारखी नसते. बुडाच्या उंचीवर आडवी दोरी ताणा आणि दर 150 मिमीवर वरचं माप घ्या, दोन्ही बाजूंना वेगळं.

आणि कुणी "दिसायला चपटी बरी" म्हणालं तर उंची कमी करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. वजन तेच ठेवून उंची निम्मी केली की भिंतींवरचा आडवा रेटा दुप्पट होतो. कमानींची रांग असेल तर मधल्या खांबावर दोन्हीकडचे रेटे एकमेकांना तोलतात. शेवटच्या खांबाला तोलायला कुणी नसतं, तिथे टाय-रॉड (रेटा ओढून धरणारी आडवी सळई) तरी द्या नाहीतर जाड भिंत.