सासूबाईंना नीट ऐकू येईल असा सिनेमा घरी कसा लावायचा

घरात सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असेल तर टीव्ही घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या कानाला आणि डोळ्याला धरून सेट करायचा, बाकीचे आपोआप बसतात. आमच्याकडे ते मोठं माणूस म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही सगळे आईच म्हणतो. आईंना डायलॉग ऐकू आला नाही की त्या शेजारच्याला विचारतात "काय म्हणाला रे तो?", मग शेजारचा सांगतो, तेवढ्यात पुढचा डायलॉग निघून जातो, मग तो त्याच्या शेजारच्याला विचारतो, आणि पाच मिनिटांत अख्ख्या दिवाणावर फक्त काय म्हणाला, काय म्हणाला एवढंच चालू असतं. म्हणून आधी आवाज. चित्र, नेट, भडंग सगळं नंतर.

आता हल्लीच्या टीव्हीत आवाजाचा घोळ का होतो ते बघा. टीव्ही पातळ झाले त्यामुळे स्पीकर गेले खाली नाहीतर मागे, म्हणजे आवाज आपल्याकडे न येता भिंतीकडे नाहीतर टेबलाकडे जातो. त्यात ओटीटीवरचे बरेच सिनेमे ५.१ आवाजात असतात, म्हणजे थेटरसारखा सहा चॅनेलचा आवाज, आणि त्यात माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या स्पीकरला दिलेलं असतं. आपल्या टीव्हीला मधला स्पीकरच नाही! मग ते सहा चॅनेल दोन छोट्या स्पीकरमध्ये कोंबले जातात आणि बोलणं म्युझिकखाली दबतं. आवाज वाढवला की बोलणं ऐकू येतं पण लगेच मारामारी सुरू होते आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येतात.

तर करायचं काय, सिनेमा चालू असताना ऑडिओच्या मेन्यूत जायचं आणि तिथे स्टिरिओ (म्हणजे दोनच चॅनेलचा आवाज) दिसत असेल तर ५.१ सोडून ते घ्यायचं. मग टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये क्लिअर व्हॉइस, व्हॉइस झूम, डायलॉग असल्या नावाचं काहीतरी शोधायचं (प्रत्येक कंपनीने वेगळं नाव ठेवलंय पण काम एकच, बोलणं उचलून धरायचं) ते चालू करायचं. नाईट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम असेल तर तोही लावा, त्याने मोठे आवाज खाली येतात आणि हळू आवाज वर, नावात नाईट असलं तरी दुपारी बाराला लावला तरी चालतो. प्राइम व्हिडिओवर काही सिनेमांना डायलॉग बूस्ट असा वेगळा ऑडिओ पण मिळतो, दिसला की डोळे झाकून तोच निवडा.

एवढं करूनही नाही भागलं तर साऊंडबार घ्यायचा, म्हणजे टीव्हीपुढे ठेवायचा लांबट स्पीकर. महागडा नको, पण ज्याला मधला वेगळा चॅनेल आहे असा घ्या, खोक्यावर २.१ न लिहिता ३.१ लिहिलेला. तो टीव्हीच्या ज्या एचडीएमआय पोर्टवर एआरसी लिहिलंय (टीव्हीचा आवाज बाहेर देणारं पोर्ट ते) त्यालाच लावायचा, दुसऱ्या पोर्टला लावून आवाज येणार नाही आणि मग घरातला प्रत्येक पुरुष एकेक करून टीव्हीच्या मागे डोकं घालून बघून जातो. एआरसीला लावला आणि सेटिंगमध्ये सीईसी चालू केलं (सॅमसंगला त्याचं नाव अ‍ॅनीनेट प्लस, एलजीला सिंपलिंक, सोनीला ब्राविया सिंक) की टीव्हीच्याच रिमोटने साऊंडबारचा आवाज कमीजास्त होतो. हे फार महत्त्वाचं आहे कारण दोन रिमोट म्हणजे एक कायम उशीखाली.

ब्लूटूथने साऊंडबार जोडता येतो पण शक्यतो नको, आवाज किंचित मागून येतो, हिरोचे ओठ आधी आणि बोलणं नंतर. वायरच बरी. आणि खोलीत नुसत्या फरश्या असतील तर आवाज घुमतो, खाली सतरंजी टाका, पडदे ओढून घ्या, लगेच फरक कळतो. यात एक रुपया जात नाही आणि सतरंजीवर पोरं लोळतात ते वेगळंच.

आता चित्र. दुकानात टीव्ही भडक दिसावा म्हणून विविड किंवा डायनॅमिक मोडवर ठेवलेला असतो, आणि बऱ्याच घरांत तो वर्षानुवर्षं त्याच मोडवर चालतो, सगळी माणसं रंग फासल्यासारखी दिसतात. सिनेमा मोड लावा, नाहीतर फिल्ममेकर मोड असेल तर तो. पहिल्या दिवशी चित्र जरा पिवळट आणि मंद वाटेल, घरातले ओरडतील, तरी बदलू नका, दोन दिवसांत डोळा बसतो.

आणि याच्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोशन स्मूदिंग बंद करणे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो आणि टीव्ही सेकंदाला पन्नास-साठ वेळा चित्र बदलतो, मग टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रं तयार करून घुसवतो म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसते. क्रिकेटला ते बरं दिसतं पण सिनेमाचा पार सत्यानाश होतो, कोट्यवधींचा सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा दिसायला लागतो. आमच्या आईंनी तर बरोब्बर ओळखलं होतं, एवढा मोठा ऐतिहासिक सिनेमा चालू होता आणि त्या म्हणाल्या "ही सिरियल कधी सुरू झाली गं?" सोनीला मोशनफ्लो, एलजीला ट्रूमोशन, सॅमसंगला ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, नाव काहीही असो, सिनेमाच्या वेळी बंद. सोबत पॉवर सेव्हिंग आणि ऑटो ब्राइटनेस पण बंद करा नाहीतर रात्रीच्या सीनमध्ये नुसता काळोख दिसतो आणि खून कोणी केला ते कोणालाच कळत नाही.

काळे पट्टे! आमचे अण्णा, म्हणजे सासरे, यांचं ठाम मत होतं की वरखाली काळे पट्टे येतात म्हणजे कंपनी अर्धा सिनेमा कापून दाखवते. उलटं आहे. टीव्ही १६:९ या मापाचा असतो, सिनेमास्कोप सिनेमा त्याच्याहून बराच रुंद असतो, तो पूर्ण रुंदीने दाखवायचा तर वरखाली जागा मोकळी राहणारच. आणि आपले जुने सिनेमे जवळपास चौकोनी असतात त्यामुळे तिथे पट्टे डावीउजवीकडे येतात. भारतात पहिला सिनेमास्कोप आला तो १९५९ चा कागज के फूल, त्याच्या आधीचा आपला कुठलाही सिनेमा लावलात तर चौकोनी दिसणार हे धरूनच चाला. पट्टे घालवायला झूम केलं की बाजूची माणसं कापली जातात, आणि जुन्या चौकोनी सिनेमाला स्ट्रेच केलं की सगळ्या नट्या एकदम लठ्ठ होतात, ते तर अन्यायच आहे त्यांच्यावर. पिक्चर साईजमध्ये ओरिजिनल किंवा जस्ट स्कॅन निवडा आणि हात काढून घ्या. अण्णांना मी चौकोनी फोटो लांब फ्रेममध्ये लावून दाखवला तेव्हा त्यांना पटलं, आता तेच येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगतात.

सबटायटल्स बारीक असतात, पण ती मोठी करता येतात हे फार जणांना माहीतच नसतं. नेटफ्लिक्सला प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये सबटायटलचा साईज आणि मागची काळी पट्टी ठरवता येते, मोठा साईज आणि काळी पट्टी हे कॉम्बिनेशन म्हाताऱ्या डोळ्यांना एकदम बेस्ट. मल्याळम सिनेमे आमच्या घरी फार चालतात, पण आईंना इंग्लिश अक्षरं भराभर वाचता येत नाहीत म्हणून हिंदी डब लावतो, मुलगा कुरकुरतो की ओरिजिनल आवाज पाहिजे, त्याला सांगितलंय की तू उद्या एकटा बघ ओरिजिनल. इथे मी अजिबात ऐकत नाही. सगळ्यांनी बघायचं म्हणजे सगळ्यांना कळलं पाहिजे.

रिमोटचं एकदाच नीट काम करून टाका. आईंना चार बटणं लागतात, चालू-बंद, आवाज, ओके आणि मागे. त्यावर मी टिकल्या लावल्यात, चालू-बंदला लाल, ओकेला हिरवी, मागेला काळी, आवाजाला पिवळी. टिकलीला हात लावला की अंधारातसुद्धा कळतं कुठे काय आहे, आणि डिंक गेला की नवीन लावायची, घरात टिकल्यांना काय तोटा. माईकचं बटण असेल तर तेही शिकवा, यूट्यूबवर मराठीत नाव बोललं तरी शोधतं. फक्त आईंना एक सांगावं लागलं की नुसतं सिनेमाचं नाव घ्या, कारण त्या माईकला अगदी आदबीने सांगायच्या "जरा तो जुना अशोक सराफचा सिनेमा लावता का, वेळ असेल तर" आणि ते सगळं वाक्य सर्चमध्ये जायचं. गंमत म्हणजे तरीही अशोक सराफ यायचेच.

फोनवरून टीव्हीवर लावणार असाल तर कास्ट आणि स्क्रीन मिररिंग यातला फरक समजून घ्या, घरात शांतता टिकते. कास्ट केलं की सिनेमा टीव्ही स्वतः नेटवरून घेतो, फोन मोकळा राहतो, फोन आला तरी टीव्हीवर काही दिसत नाही. मिररिंग केलं की तुमच्या फोनची अख्खी स्क्रीन टीव्हीवर, आणि मग रडका सीन चालू असताना वरून व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उतरतो की "वहिनींनी परत तीच साडी नेसली बघ", आणि वहिनी शेजारीच बसलेल्या असतात. टीव्हीत अ‍ॅप असेल तर फोन मध्ये आणूच नका, मिररिंग करावंच लागलं तर आधी डू नॉट डिस्टर्ब. टीव्ही स्मार्ट नसेल तर एचडीएमआयला लावायची स्टिक मिळते, पण तिला करंट टीव्हीच्या यूएसबीतून देऊ नका, तिथे तो बऱ्याचदा कमी पडतो आणि स्टिक मधेच बंद होऊन परत चालू होते, सोबत आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीला लावा.

नेटचं फार काही नाही. एचडीला पाच एमबीपीएस आणि फोर-केला पंधरा एवढा स्पीड मिळाला की नेटफ्लिक्स धावतं, आणि तेवढा आता बहुतेक घरात असतो, अडतं ते राऊटर बाहेरच्या खोलीत आणि टीव्ही आतल्या, मधे दगडी नाहीतर जाड विटांची भिंत. शक्य असेल तर सरळ लॅन केबल ओढा. आमच्या सांगलीत पावसाळ्यात लाईट जाते म्हणून राऊटरला पण इन्व्हर्टरवर घ्या, टीव्ही चालू आणि नेट गायब हे फार चीड आणणारं असतं.

आता खरं अवघड काम, सिनेमा निवडणे. अण्णा सांगतात की पूर्वी रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर जो लागेल तो बघायचा, निवडायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे भांडणं पण नव्हती. आता मेनू चाळण्यातच जेवण गार होतं. आम्ही पाळी लावली आहे, ज्याची पाळी त्याने तीन नावं आणायची आणि बाकीच्यांनी त्यातला एक निवडायचा, तोही टीव्ही लावायच्या आधी, जेवायच्या टेबलावर. तीनच नावं, चौथं नाही. निवडताना लांबी बघा, पावणेतीन तासांचा सिनेमा साडेनऊला लावला तर अण्णा मध्यंतरालाच घोरतात, आठच्या आत सुरू करा. मुलं असतील तर सर्टिफिकेट बघा, आता नुसतं यूए नसतं, ओटीटीवर ७+, १३+, १६+ असं वय लिहिलेलं असतं, आणि त्याखाली हिंसा, भाषा वगैरे कारण पण दिलेलं असतं. ते कारण वाचाच, कारण सासूसासरे आणि मुलं दोन्ही बाजूला बसलेली असताना नको तो सीन आला की घरातले सगळे एकदम पाणी प्यायला उठतात आणि स्वयंपाकघरात गर्दी होते.

मध्यंतर घ्यायचंच. आपल्या सिनेमात ते लिहूनच येतं, ओटीटीवर दोन सेकंदांत सरकून जातं तेवढंच, तिथे पॉज करायचं. बाथरूम, चहा, आणि पुढे काय होणार याची चर्चा, ही चर्चा मध्यंतरातच करायची असा नियम ठेवा म्हणजे सिनेमा चालू असताना कोणी बोलत नाही (आई सोडून, त्यांना सूट आहे, त्या हिरॉइनला वेळीच सावध करतात). खायला भडंग असेल तर ते गाण्यात आणि मध्यंतरातच वाटा. पाचसहा जण एकदम भडंग खायला लागले की वर सांगितलेलं सगळं सेटिंग वाया जातं, कुठलाही डायलॉग बूस्ट त्याच्यापुढे टिकत नाही. डायलॉगच्या वेळी केळी, पेढे, शिरा असलं मऊ काहीतरी द्या.

आणि सिनेमा संपला की पाट्या पूर्ण जाऊ द्यायच्या, प्रोफाइलमध्ये ऑटोप्ले बंद करून ठेवा नाहीतर शेवटच्या सीनचे डोळे पुसायच्या आत दुसरंच काहीतरी सुरू होतं. रिमोट चार्जरशेजारी ठेवा, सेल जाड भिंगातून न बघता बदलता यावेत म्हणून झाकणाच्या आत प्लस-मायनस पेनाने मोठं लिहून ठेवा, आणि पुढच्या शनिवारी कोणाची पाळी आहे ते त्याच रात्री कॅलेंडरवर लिहा, कारण सकाळी विचारलंत तर सगळेच म्हणतात माझीच आहे.