निटिंग मशीनवर चुण्या: या चुका टाळा

मशीनवर विणलेल्या चुण्या पहिल्याच धुण्यात सपाट झाल्या, की दोष इस्त्रीला दिला जातो. खरं तर घडी कुठे मोडायची हे विणतानाच ठरवावं लागतं. नुसत्या इस्त्रीची चुणी कोकणातल्या पावसाळी हवेत टिकत नाही.

रुंदी कमी पडते. चुणीत कापडाचे तीन थर असतात. 10 सेंमीत 30 टाके बसत असतील, तर 200 सुयांचं कापड सुमारे 67 सेंमी भरतं. 24 सुयांची एक चुणी धरली तर आठ चुण्या बसतात आणि कडेला आठ सुया उरतात. वरच्या बाजूला चुणीचे तीन थर एकावर एक येतात, म्हणून प्रत्येक चुणीचे आठ आणि कडेचे आठ मिळून 72 टाके राहतात, म्हणजे फक्त 24 सेंमी. 48 सेंमी घेराच्या बाळाच्या फ्रॉकला असे दोन भाग लागतात.

चुणीच्या दोन्ही घड्या, बाहेरची आणि आतली, सारख्याच विणल्या जातात. सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. बाहेरच्या घडीची सुई एक ओळ विणायची, एक ओळ स्लिप करायची, म्हणजे न विणता सोडायची. पंचकार्डाचं (सुया निवडणाऱ्या भोकांच्या कार्डाचं) रिपीटही 24 सुयांचंच असल्यामुळे काम सोपं होतं: एका ओळीत सगळी भोकं पाडा, पुढच्या ओळीत एक भोक सोडा आणि कॅरेज (सुयांवरून सरकणारा भाग) स्लिपवर ठेवा. ती सुई हाताने होल्डवर, म्हणजे पुढच्या न विणण्याच्या जागेवर, ओढू नका. होल्डमध्ये धागा सुईवर साचतो, टक होतो, म्हणजे धाग्याचा जादा वेढा टाक्यात अडकतो, आणि घडी जाड येते.

आतल्या घडीला उलटा टाका हवा. स्लिपच्या सुईपासून आठवी सुई मोजा. दर 10 ओळींनी तिचा टाका सोडून खालपर्यंत उसवा आणि लॅच टूलने (उघडझाप होणाऱ्या झडपेच्या हातसुईने) आपल्या समोरून पुन्हा वर चढवा. ही सुई सुरुवातीपासून रिकामी ठेवली तर तिथल्या आडव्या धाग्यांची शिडी अरुंद पडते, चढवलेले टाके आवळतात आणि कापड चुरगळतं. दोन्ही भागांत आतली घडी स्लिपच्या एकाच बाजूला ठेवा, नाहीतर पुढच्या चुण्या एकीकडे आणि मागच्या दुसरीकडे वळतील.

वर तीन थर जोडताना टाके सुटतात. शेवटी टाकाऊ धाग्याच्या 8-10 ओळी विणून कापड उतरवा. चुण्या घाला आणि तिन्ही थरांचा एकेक टाका एका सुईवर चढवा. मग सुया पुढे ओढा, त्यांच्या लॅच (आकड्यावरच्या झडपा) उघड्या ठेवा, होल्ड बंद करा, टेन्शन (टाक्याचा सैलपणा ठरवणारी चकती) तीन आकडे सैल करा आणि कॅरेज सावकाश न्या. एवढं करूनही टाके सुटलेच, तर सुया तपासा. खाऱ्या हवेने लॅच गंजून घट्ट होतात, आणि सुया दाबून धरणाऱ्या रिटेनर बारचा स्पंज बसला की सुया डुलतात. लॅचला मशीनचं तेल लावा, स्पंज बदला.

धागा आणि वाफ. किनाऱ्यावर सुती धागा हौसेने घेतला जातो, पण तो जड असतो. चुणी 20 सेंमीपेक्षा लांब केली तर ओघळते. ॲक्रिलिक हलकं असतं, मात्र इस्त्री टेकली की त्याची लवचीकता कायमची जाते. आधी चुण्यांना धावदोरा घाला, इस्त्री दोन-तीन सेंमी वर धरून वाफ द्या आणि पूर्ण सुकल्यावरच धावदोरा काढा. धुतलेला फ्रॉक दोरीवर टांगू नका. पडवीत चटईवर आडवा पसरा आणि तो ओला असतानाच प्रत्येक चुणी बोटांनी घडीवर बसवा.