कातरवेळेला पाय गरम पाण्यात: नागपूरच्या थंडीसाठी ताओवाल्यांची रीत

डिसेंबर लागला की नागपुरात दोन प्रकारचे लोक दिसतात. एक जे पहाटे साडेपाचला कानटोपी घालून अंबाझरीला चकरा मारतात, आणि दुसरे जे रजईतून तोंड न काढता "झोपू दे ना बे" म्हणतात. मी दर वर्षी पहिल्या गटात शिरायचा प्रयत्न करते, आठ दिवसात नाक गळायला लागतं आणि गुपचूप दुसऱ्या गटात परत. मग कुठेतरी वाचायला मिळालं की चीनमधल्या ताओवाल्यांच्या मते हिवाळ्यापुरता दुसरा गटच बरोबर आहे, आणि मला जो आनंद झाला तो विचारू नका.

ताओ म्हणजे बौद्ध धर्म नाही बरं का, दीक्षाभूमीच्या शहरात राहून चीनचं काही ऐकलं की आपल्याला आधी तेच आठवतं, पण हा चीनमधलाच वेगळा प्रवाह, लाओत्झू आणि च्वांगत्झू या जुन्या विचारवंतांचा. ऋतूंचे नियम मात्र मुख्यतः येतात हुआंगदी नेइजिंग या दोनेक हजार वर्षं जुन्या वैद्यकाच्या ग्रंथातून, जो ताओवाल्यांनी पण आपल्या ग्रंथसंग्रहात ठेवलाय. त्यात हिवाळ्याच्या तीन महिन्यांचं काम एकच सांगितलंय, बंद करून साठवणे. लवकर झोपा, उशिरा उठा, उन्हाची वाट बघा, अंग गरम ठेवा, घाम गाळू नका, आणि मनातलं मनात ठेवा, जणू काही तरी लपवून ठेवलंय असं. सातबाऱ्यावर कांदा असलेल्या लोकांना हे लगेच कळेल, चाळीत माल भरला की रोज उघडून बघायचं नसतं.

त्यांचा हिवाळा आपल्यापेक्षा आधी चालू होतो, ७ नोव्हेंबरच्या आसपास, आणि ४ फेब्रुवारीच्या सुमारास संपतो. नागपूरला नोव्हेंबरात दुपारी पंखा लागतो, म्हणून मी तारखेपेक्षा रजई कपाटातून कधी निघाली ते बघते. आणि आपली थंडी काही चेष्टेची नाही, डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ वर गेला होता.

तर पहिली गोष्ट, सकाळ. डिसेंबरच्या शेवटी आपल्याकडे सूर्य उगवतो पावणेसातच्या आसपास, त्याच्या आधी अंधारात धावायला जायचं नाही. ऊन अंगणात किंवा गच्चीवर आलं की पाठ उन्हाकडे करून वीस मिनिटं बसा, चहा घेऊन बसलात तरी चालेल. व्यायाम करा पण हळू, घाम निथळेपर्यंत नको. इथे आयुर्वेदवाले भांडतील, कारण हेमंतात अग्नी चांगला, व्यायाम करा, असं आपल्याकडे सांगतात. मी भांडणात पडत नाही, चालायला जाते पण आठ वाजता.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला बसले. चिनी वैद्यकात प्रत्येक ऋतूला एक तत्त्व, एक अवयव आणि एक भावना जोडलेली असते. हिवाळ्याचं तत्त्व पाणी, अवयव किडनी, आणि भावना भीती. (ही किडनी म्हणजे सोनोग्राफीत दिसते तेवढीच नाही, जन्मापासून मिळालेली शिदोरी जिथे ठेवली आहे असं कोठार समजा. त्यामुळे किडनीचा आजार असेल तर डॉक्टरच, हे नाही.) आणि त्यांच्या घड्याळात किडनीची वेळ कुठली, तर संध्याकाळी पाच ते सात. थंडीत आपल्याकडे सूर्य मावळतो साडेपाचच्या पुढेमागे. म्हणजे बरोबर कातरवेळ! तो शब्द बघा ना, कातर. आपल्या आज्यांनी चीन पाहिलं नव्हतं पण या वेळेला जीव कातर होतो हे त्यांना माहिती होतं, म्हणून तिन्हीसांजेला झोपू नको, दिवा लाव, शुभंकरोति म्हण.

मागच्या थंडीत आमच्याकडे आईचं आजारपण चालू होतं आणि माझ्या नोकरीचं पण काही खरं नव्हतं, तेव्हा रोज सहा वाजले की पोटात गोळा यायचा. मग जे करायला लागले ते सांगते, एकूण पाऊण तास लागतो, आणि त्यात फोन दुसऱ्या खोलीत.

बादलीत किंवा टबात घोट्याच्या वरपर्यंत येईल एवढं गरम पाणी घ्या, सोसवेल इतकंच, आल्याचे दोन-चार तुकडे ठेचून टाकले तर छान, नाही टाकले तर काही बिघडत नाही. पंधरा मिनिटं पाय बुडवून बसा. शुगर असलेल्यांनी पाणी आधी कोपराने बघा किंवा घरच्या कोणाला बघायला सांगा, तळपायाला कळत नाही आणि फोड येतो. मग पाय नीट पुसून तळव्याच्या पुढच्या भागात, बोटं मुडपल्यावर जिथे खळगा पडतो, तिथे अंगठ्याने चोळा. चिनी लोक त्या जागेला उसळता झरा म्हणतात, किडनीचा मार्ग तिथून सुरू होतो असं मानतात. घरात काशाची वाटी असेल तर काढा बाहेर, तिळाचं तेल लावून वाटीनेच घासा, आपली आणि त्यांची रीत इथे अशी जुळते की मला हसायलाच येतं.

त्यानंतर तळहात एकमेकांवर घासून गरम करा आणि कमरेला मागून, दोन्ही बाजूंनी, वर-खाली चोळा. छत्तीस वेळा करा असं सांगतात, मी मोजत नाही, ऊब आली की थांबते.

मग श्वास. ताओवाल्यांचे सहा उच्चार आहेत, प्रत्येक अवयवाचा एक, ही पद्धत पाचव्या-सहाव्या शतकातल्या ताओ होंगजिंग यांच्या नावाने सांगतात. किडनीचा उच्चार आहे 'छ्वे', त्याचा अर्थच मुळात फुंकणे. चूल पेटवताना फुंकणीतून कशी लांब, सावकाश फुंक मारतो, तशीच, आवाज जवळजवळ नाहीच. नाकाने श्वास आत, तोंडाने छ्वे करत बाहेर, सहा वेळा. चक्कर आल्यासारखं वाटलं तर सोडून द्या, इथे मेडल नाही मिळत.

आणि आता नुसतं बसायचं. हे सगळ्यात अवघड. लाओत्झूने गढूळ पाण्याचं उदाहरण दिलंय, ते ढवळलं नाही तर आपोआप निवळतं. भीती आली की आपण लगेच काहीतरी करायला धावतो, कोणाला तरी फोन लावतो, रील बघतो, किचनमध्ये डबे उघडतो, हे सगळं ढवळणंच. दहा मिनिटं बसा आणि भीती शरीरात कुठे आहे एवढंच बघा. नेइजिंग म्हणतं भीतीने ची म्हणजे प्राण खाली उतरतो, आणि मराठीत आपण म्हणतोच ना, हातपाय गळाले. खाली खाली जाणारं काहीतरी जाणवलं तर जाणवू द्या. रडू आलं तर येऊ द्या, पण कोणाला समजवत बसू नका, स्वतःला पण नाही.

शेवटी वही. पाच तत्त्वांच्या हिशोबात माती पाण्याला आवरते, आणि मातीची वृत्ती म्हणजे विचार, त्यामुळे विचार भीतीला जिंकतो असं त्या ग्रंथात स्पष्ट आहे. पण तोच ग्रंथ हेही सांगतो की जास्त विचाराने त्याच प्राणाची, म्हणजे 'ची'ची, गाठ बसते. म्हणून वेळ लावून दहाच मिनिटं, एका ओळीत एक भीती आणि तिच्यासमोर उद्या करता येईल असं एकच काम. "आईचा रिपोर्ट वाईट आला तर" याच्यासमोर मी लिहिलं होतं, "डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न". काही ओळींसमोर कामच सुचत नाही, तिथे जागा रिकामी सोडा. वही बंद.

खाण्याचं थोडक्यात, कारण आपल्याकडे आधीच सगळं आहे. हिवाळ्याचा रंग ते काळा मानतात, काळे तीळ, काळे उडीद, अक्रोड, आणि आपण संक्रांतीला तीळ खाऊन काळी साडी नेसतोच. चव खारट सांगितली आहे, पण बीपीवाल्यांनी ते वाचलंच नाही असं समजा. सावजी मात्र अडचणीत येतं, घाम फुटतो ना! मी तरी रविवारी खाते. आणि संत्र्याची सालं फेकू नका, चीनमध्ये वाळवलेल्या संत्र्याच्या सालीला चेनपी म्हणतात, पोट जड वाटलं की वापरतात, जितकी जुनी तितकी भारी. सालं चांगली धुवून गच्चीवर खडखडीत वाळवा, बरणीत भरा, चहात एक तुकडा टाका.

एक गोष्ट सिरियसली. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर पाय बुडवत बसू नका, डॉक्टरकडे जा, किंवा सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फ्री आहे.

आणि फेब्रुवारी लागला, रजया उन्हात टाकायची वेळ आली, की ती वही एकदा उघडा. माझ्या वहीत मागच्या वर्षी एकोणीस ओळी होत्या, बारांवर मी आरामात काट मारली. चार रिकाम्या जागांपैकी दोन अजून रिकाम्याच आहेत, आई आता बरी आहे, आणि टब बाल्कनीत पडलाय, त्यात यंदा मेथी लावली.