मानसशास्त्राच्या एम.ए. प्रवेशाची तयारी: आधी तीन भाषांची वही

मराठी माध्यमातून मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या आणि पुढे राज्याबाहेरच्या विद्यापीठात जाऊ पाहणाऱ्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलामुलींसाठी ही यादी आहे. मी स्वतः पहिल्या वेळी यातली एकच गोष्ट केली नाही आणि तेवढ्यावर वर्ष गेले. नियमित वाचन करावे, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही.

ती राहिलेली गोष्ट म्हणजे परिभाषेची वही. २०२२ पासून बहुतेक केंद्रीय विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतात, आणि तिथे मानसशास्त्राची प्रश्नपत्रिका इंग्रजीत व हिंदीत असते, मराठीत नसते. हे मला माहीत होते; इंग्रजी अडले तर हिंदी वाचू, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात संगणकाच्या पडद्यावर 'निगेटिव्ह रीइन्फोर्समेंट' आले आणि मी ती शिक्षा समजून उत्तर दिले. हाच प्रश्न 'ऋण प्रबलन' म्हणून आला असता तर झोपेतही चुकला नसता. पाऊस अंगावर येऊ नये म्हणून आपण छत्री उघडतो, भिजणे थांबते, आणि त्यामुळे छत्री उघडण्याची सवय पक्की होते. इथे वर्तन वाढते, शिक्षेने ते घटते. वर्गात हे उदाहरण मीच दिले होते.

हिंदीवर विसंबणे त्याहून धोक्याचे, कारण लिपी ओळखीची असल्याने आपण बेसावध असतो. आपले अभिसंधान (कंडिशनिंग) तिथे अनुबंधन होते आणि प्रबलन पुनर्बलन होते, इथवर ठीक आहे. परंतु आपल्या पुस्तकांत 'संवेदन' बहुधा परसेप्शनसाठी (जाणवलेल्याचा अर्थ लावणे) येते, हिंदीत त्याच शब्दाने सेन्सेशन (डोळ्या-कानाला नुसते जाणवणे) सांगतात आणि परसेप्शनला प्रत्यक्षण म्हणतात. 'प्रात्यक्षिक' म्हटले की आपल्याला जर्नल आणि प्रयोगशाळा आठवते. हिंदीत त्याचा अर्थ प्रत्यक्षणासंबंधी असा आहे. 'शिक्षा' तर तिकडे शिक्षणच. बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा, अशा परीक्षेत हा घोटाळा परवडत नाही.

म्हणून वही प्रथम वर्षापासून घालावी. एका ओळीत मराठी शब्द, इंग्रजी शब्द, हिंदी शब्द आणि स्वतःच्या गावातले एक उदाहरण असावे. दुसऱ्याच्या वहीची झेरॉक्स काढून काहीही साधत नाही. मी शेवटच्या महिन्यात तेच केले होते. रोज पाच शब्द पुरेत.

संख्याशास्त्राला घाबरून ते शेवटी ठेवू नये. म्युलर-लायर भ्रमाच्या (टोकांच्या बाणांमुळे सारख्याच रेषा लहान-मोठ्या दिसतात त्या) प्रयोगात वर्गातल्या मुलांच्या ज्या चुका मोजल्या, त्यांचाच मध्य (सरासरी) आणि प्रमाण विचलन हाताने काढून पाहावे. सहसंबंध आणि टी-चाचणी त्यानंतर सोपी जाते. हे शब्दही वहीत हवेत, कारण 'स्टँडर्ड डेव्हिएशन' (प्रमाण विचलन) आणि 'स्टँडर्ड एरर' (प्रमाण त्रुटी) यांत मी गोंधळले होते. जर्नल तपासून परत मिळाले की प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावे. पावसाळ्यात कपाटातल्या कागदालाही बुरशी येते.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. भेट कॉलेजातल्या विभागाच्या पत्रानेच मागावी आणि रुग्णांचे फोटो काढू नयेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने त्यांना गोपनीयतेचा हक्क दिला आहे. एम.ए. झाले की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होतो, हा गैरसमज घरच्यांचाही आधीच दूर करावा. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले पुढचे प्रशिक्षण आणि परिषदेकडील नोंदणी लागते.

परीक्षा अलीकडे मार्चमध्ये होते, म्हणजे ऐन शिमग्यात. पालखी घरी येणार त्या दिवशी अभ्यास होत नाही. तो होईल असे वेळापत्रक करू नये आणि त्यासाठी आईशी भांडूही नये. त्या दिवशी वही मात्र चाळता येते.

अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नये, नेट जाते. ओबीसी असल्यास नॉन-क्रीमिलेअर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. सेतू केंद्रात हे स्पष्ट सांगावे. फोटो, सही, गुणपत्रके नेहमीप्रमाणे.

परीक्षा केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात आले तर आदल्या दिवशी मुक्कामाला जावे. घाटातल्या एसटीवर भरवसा ठेवू नये. प्रवेशपत्र, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली. आणि वही, केंद्राच्या फाटकापर्यंत.