मे महिन्यातील माझा हिरवा नकाशा

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर जळगाव जिल्ह्यातील एका शहराच्या सार्वजनिक उद्यानात आक्रमक वनस्पतींची पाहणी करण्याचे काम मला ठेक्यावर मिळाले. गाजरगवत, घाणेरी, सुबाभूळ कसे ओळखावे हे आपल्याला येत असणारच, म्हणून ते येथे सांगत बसत नाही. ते मलाही येत होते आणि तरीही मी असा तोंडघशी पडलो की चार वर्षांनंतरसुद्धा त्या नकाशाची आठवण झाली की कान गरम होतात.

काम मे महिन्यात सुरू झाले. दुपारी पारा 44 अंशांवर जात असल्यामुळे सकाळी सहा ते नऊ या वेळेत मी एक चौरस मीटरची चौकट साठ ठिकाणी टाकली आणि प्रत्येक चौकटीतील रोपे मोजली. गाजरगवत सापडले ते केवळ गळक्या नळाभोवती आणि ठिबकच्या नळ्यांखाली. उरलेल्या भागात भेगाळलेली काळी माती आणि वाळक्या काड्या. मी नकाशावर बहुतेक भाग हिरवा रंगवून ‘तुरळक’ असा शेरा लिहिला. माझ्या मार्गदर्शकांनी रंगसंगतीचे कौतुक केले. पाहणीची तारीख त्यांनी विचारली नाही. त्या नकाशाच्या आधारे तीन मजूर आठ दिवसांसाठी मंजूर झाले. उद्यानातील जुने माळी, ज्यांना सगळे नाना म्हणत, एवढेच म्हणाले, “पानी पडू दे भाऊ, मंग देख.” मला वाटले, ते पावसाची वाट पाहत आहेत.

जूनच्या मध्यावर पाऊस झाला आणि जुलै संपता संपता मुलांच्या घसरगुंडीपासून कुंपणापर्यंत सगळे उद्यान गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून गेले. तीन मजुरांचे आठ दिवस तोवर संपलेले होते.

हे असे का झाले, ते मी जरा पाल्हाळाने सांगणार आहे, कारण खानदेशात काम करणारा जवळजवळ प्रत्येक नवखा येथेच अडकतो. गाजरगवताचे एक जोमदार झाड पंधरा हजारांहून अधिक बी देऊ शकते. हे बी बारीक आणि हलके असते. वारा, पाणी, चपला आणि शेणखत यांच्याबरोबर ते फिरते, मातीत गाडले गेले तर काही वर्षे जिवंत राहते आणि ओल मिळताच रुजते. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत फूल येते. म्हणजे मे महिन्यात मी मोजत होतो ती दिसणारी झाडे, आणि उद्यानातील खरे गाजरगवत माझ्या बुटांखालच्या मातीत होते. ज्या वाळक्या काड्यांना मी ‘मृत’ म्हणून वगळले, त्या तर गेल्या हंगामात कोठे बी पडले याच्या खुणा होत्या. गळक्या नळाजवळची ती दहा-बारा हिरवी झाडेही क्षुल्लक नव्हती. बाकी सारे वाळलेले असताना बी पाडत राहिली ती तीच.

म्हणून आता मी उन्हाळ्यात रोपे मोजत नाही, माती मोजतो. प्रत्येक ठिकाणची वरची पाच सेंटिमीटर माती पसरट ट्रेमध्ये घ्यावी, सावलीत ठेवून तीन आठवडे रोज पाणी शिंपडावे आणि उगवलेली रोपे मोजून उपटत जावीत. लहान रोपाची पाने शेवंतीसारखी दिसतात. झाडे ओळखणाऱ्या मोबाइलवरील ॲपवर रोपाच्या या वयात मुळीच विश्वास ठेवू नये. दुसरी मोजणी पहिल्या चांगल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी, तिसरी पोळ्याच्या सुमारास आणि चौथी दिवाळीनंतर, फक्त पाणी दिल्या जाणाऱ्या जागांवर करावी. नोंदीवर तारीख आणि आधीच्या पावसाची स्थिती नसेल, तर तो नकाशा रद्दीत गेला तरी चालेल.

उपटणी फुलोऱ्याआधी, ओल्या मातीत, मुळासकट आणि हातमोजे घालूनच करावी, कारण त्वचेची ॲलर्जी एकदा जडली की ती सहजी पाठ सोडत नाही. फुलावर आलेले गवत खताच्या खड्ड्यात टाकू नये. ढिगाच्या कडेला पुरेशी उष्णता नसते आणि तेच बी नव्या वाफ्यांत जाते. मिठाचे पाणी फवारण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. रस्त्याकडेला ते एक वेळ ठीक, उद्यानात ते मातीशी वैर आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारने 2022 मध्ये निर्बंध आणले, तरी ‘एकदा मारून टाका’ म्हणणारे भेटतातच. 1984 मध्ये भारतात आणलेला मेक्सिकन भुंगा पावसाळ्यात गाजरगवताची पाने खाऊन चाळणीसारखी करतो, म्हणून तो दिसला तर तेथे फवारणी करू नये. मात्र त्याच्या भरवशावर हात बांधून बसणेही चूक आहे. घाणेरीविषयी एकच सांगतो: ती वरून छाटली की दुप्पट फुटते, त्यामुळे जमिनीखाली मूळ आणि खोड जुळतात तेथून तोडावी.

पहिल्या वर्षी उपटूनही आकडा वाढला तर घाबरू नये. उपटताना माती उलटते आणि खालचे बी वर येते. माझा आकडा दुसऱ्या पावसाळ्यातही वाढला होता, तिसऱ्यापासून उतरू लागला. मार्गदर्शक निवडताना त्यांची पदवी पाहू नका, जुलैच्या चिखलात ते आपल्याबरोबर उतरतात का ते पाहा. हे मत कडू आहे, पण ते बदलावे असे अजून काही घडलेले नाही.

यंदा गच्चीवर चोवीस ट्रे मांडले आहेत. नाना आता निवृत्त आहेत, तरी संध्याकाळी येऊन वाकून पाहतात आणि किती रोपे निघाली ते विचारतात, “किती निंघनात?”