आकाशवाणीचा हिशेब मागायचाय? नागपुरातून आरटीआय असा टाका

आकाशवाणी-दूरदर्शनवर वशिल्याने माणसं घेतात, असं चहाच्या टपरीवर बोलून भागत नाही. कागद हातात लागतो. सिव्हिल लाइन्सची आकाशवाणी आणि सेमिनरी हिल्सचं दूरदर्शन ही दोन्ही केंद्रं प्रसार भारतीची, म्हणजे मामला केंद्र सरकारचा. बरेच अर्ज इथेच अडतात. महापालिकेच्या अर्जाला चालणारा कोर्ट फी स्टॅम्प इथे चालत नाही. जीपीओतून 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर 'लेखा अधिकारी' यांच्या नावे घ्या, किंवा केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवर ऑनलाइन भरा. राज्याच्या अर्जाला 150 शब्दांची मर्यादा आहे, केंद्राला 500 शब्द चालतात.

देशभरच्या खर्चाचा एकूण आकडा मागण्यात अर्ज घालवू नका. प्रसार भारतीचं अनुदान माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अर्थसंकल्पी मागण्यांत छापलेलं असतं. यंत्रसामग्रीच्या 'बिंद' योजनेला 2025-26 पर्यंत 2539.61 कोटी मंजूर झाले होते. आपण विचारायचं ते फक्त यातलं नागपूर केंद्राच्या वाट्याचं.

'का' हा शब्द अर्जात नको. 'अमक्याच पुढाऱ्याची मुलाखत का?' याला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाही; तो असलेली कागदपत्रं देतो, खुलासे नाही. त्याऐवजी असं लिहा: '1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 या काळात नैमित्तिक निवेदकांना महिनावार दिलेल्या ड्यूट्या व मानधन, नावाऐवजी अनुक्रमांक घालून, ऑडिशनच्या निवड समितीचं इतिवृत्त, आणि अमुक तारखांच्या क्यू शीटच्या प्रती.' (क्यू शीट म्हणजे दिवसभरात काय काय प्रसारित झालं त्याची नोंद.) नावं मागितली की माहिती अधिकार कायद्याचं, खासगी माहिती नाकारू देणारं कलम 8(1)(जे) पुढे येतं. ती हवीच असतील तर कलम 8(2) खाली जनहित काय, ते दोन ओळींत मांडा. एकाच क्रमांकाकडे वर्षभर ड्यूट्या साचलेल्या दिसल्या, तर पुढचा अर्ज कशावर करायचा ते आपोआप कळतं.

निवडणुकीतल्या मोफत प्रक्षेपणवेळेसाठी मात्र नागपूर केंद्राला धरू नका. मान्यताप्राप्त पक्षांना ती 1998 पासून मिळते आणि वाटप निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होतं.

झेरॉक्स पानाला 2 रुपये. फायली जास्त असतील तर आधी पाहणी मागा: पहिला तास फुकट, पुढे तासाला 5 रुपये. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकारच समजा आणि पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा, त्याला फी नाही. दुसरं अपील 90 दिवसांत, तेही दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे. राज्य आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे नाही.